घरच्यांना कोणता सिनेमा दाखवू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि या वेळी सगळं सांगतो. 'घरी सांगायचंय. त्याआधी आईबाबांना कोणता सिनेमा दाखवू?' हा प्रश्न मला सतत कुणी ना कुणी विचारत असतं. विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले गे किंवा लेस्बियन. मी असे सिनेमे शोधून शोधून बघतो हे त्यांना ठाऊक असतं. पूर्वी मी चार नावं लगेच द्यायचो. आता कुणी नाव मागितलं की पोटात गोळा येतो.

मी बाबांना 'अलीगढ' दाखवला होता. २०१६ साली आलेला हंसल मेहतांचा सिनेमा. पुष्कळ विचार करून निवडलेला. प्राध्यापक रामचंद्र सिरस मराठीचे, कविता लिहिणारे, अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवणारे. गे असल्यामुळे विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं आणि ते कोर्टात गेले. बाबांचं सगळं आयुष्य नाटकं आणि कविता यांच्यात गेलेलं. हा माणूस त्यांना परका वाटणार नाही, असं मला वाटलं.

आणि नाहीच वाटला. कॅमेरा घेऊन माणसं सिरसांच्या खोलीत घुसतात, तिथे बाबा ताडकन सरळ होऊन बसले. कोर्टात वकिलांची जुंपलेली असताना सिरस आपल्या कवितांचे अनुवाद करत बसतात, तिथे त्यांना हसू आलं. मी पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होतो. एप्रिल २०१०मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सिरसांच्या बाजूने निकाल दिला आणि आठवडाभरातच ते गेले. सिनेमाही तिथेच संपतो. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, हीच वेळ. वाक्य तयार होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "फार वाईट झालं रे. पण या लोकांचं शेवटी असंच होतं. तेंडुलकरांची मित्रा घे. तिचं तरी काय झालं?" मग थोडं थांबून, "कुणाच्या पोटी असं मूल येऊ नये."

माझं वाक्य घशातच राहिलं.

'मित्राची गोष्ट' हे विजय तेंडुलकरांचं नाटक १९८१ सालचं, मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं. बाबांनी तरुणपणी पाहिलेलं. त्यात मित्रा आत्महत्या करते. त्यानंतर १९९८च्या डिसेंबरात 'फायर' हा दोन बायकांच्या प्रेमाचा सिनेमा लावल्याबद्दल मुंबईतल्या थिएटरांवर हल्ले झाले, ते त्यांनी पेपरात वाचलेलं. मग सिरस. म्हणजे आमच्यासारख्या माणसांबद्दल त्यांना जे काही माहीत होतं, त्यात कुणी जीव दिला होता, कुणी मार खाल्ला होता, कुणी एकटं मेलं होतं. त्यात आणखी एकाची भर मीच घातली. ते दुष्टपणे बोलले असते तर मला निदान रागावता आलं असतं. ते खरोखर रडत होते.

परका प्रेक्षक सिरसांवर काय अन्याय झाला ते बघतो. बापाला त्या खोलीत आपलं पोर दिसतं. आणि इथे तर आपलं पोर तसं आहे हे बाबांना माहीतही नव्हतं.

'निवड चुकली, काहीतरी हलकंफुलकं दाखवायचंस' असं कुणी म्हणालं की मी चिडतो. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणलं होतं आणि सप्टेंबर २०१८पर्यंत आपण कायद्याने गुन्हेगार होतो. हलकंफुलकं होतं ते 'दोस्ताना'सारखं. दोन पुरुष गे असल्याचं सोंग करतात आणि थिएटर खिदळतं. ते दाखवायचं होतं बाबांना?

पण माझ्या एका मैत्रिणीने तिच्या आईसोबत 'बधाई दो' पाहिला. २०२२ सालचा, त्यातली सुमी लेस्बियन आहे. तो अर्ध्यावर असताना आईनेच विचारलं, "तुझं पण त्या सुमीसारखंच आहे का गं?" तिला सांगावंच लागलं नाही. त्यामुळे सिनेमाने काही होत नाही असं म्हणायला मी जातो आणि ही मैत्रीण आठवते. ती म्हणते, सिनेमा चांगला होता. मी म्हणतो, तुझ्या आईला आधीपासून माहीत होतं. आमचं यावर आजही एकमत नाही.

बाबांना मी नंतर सांगितलं. कुठल्याही सिनेमाशिवाय, गाडीत, ते समोर रस्त्याकडे बघत असताना. ते म्हणाले, "मला भीती वाटते." एवढंच. तीच भीती 'अलीगढ'नंतरही बोलली होती, पण तेव्हा मला त्यात फक्त नकार ऐकू आला. की आता मी बाबांची बाजू घेतोय? कधीकधी तसंही वाटतं. 'असं मूल येऊ नये' हे वाक्य भीतीतून आलं म्हणून कमी लागत नाही.

तुम्हाला नाव हवंच असेल तर रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं'. मराठीच आहे. २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांमधलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक लग्नाचं विचारून विचारून त्याला भंडावतात, आणि लहानपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. आनंदच्या आईला त्याच्याबद्दल सगळं माहीत असतं. आपण असे का आहोत, हे तिथे कुणी कुणाला समजावत बसत नाही. पण आधी सांगा आणि मग दाखवा. माझा हा क्रम तुम्हाला पटणार नसेल, तर माझ्या मैत्रिणीला विचारा, ती उलटं सांगेल.

बाबांना मी तो अजून दाखवलेला नाही. विचारलंय. "बघू" म्हणालेत.