ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

कराडात तहसील कचेरीमागच्या बोळात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटी झेरॉक्सची असली तरी मे ते ऑगस्ट पोट भरतं ते फॉर्मांवर. अकरावी, डिप्लोमा, आयटीआय, इंजिनिअरिंग, शिष्यवृत्ती, सगळं. सोळा वर्षं झाली. पाटण, ढेबेवाडी, उंब्रजकडून माणसं एसटीनं येतात, पिशवीत कागद आणि मागं पोरगं. खुर्ची एकच असते. तिच्यात बाप बसतो, पोरगं पंख्याखाली उभं.

मी मुद्दाम पोराकडं बघून विचारते.

"मोबाइल नंबर?"

"घ्या, अठ्ठ्याण्णव बावीस..." वडील.

"ई-मेल?"

"तुम्हीच काढा की ताई एक."

"शाखा कुठली पाहिजे?"

"कॉम्प्युटर टाका वर. कॉम्प्युटर नाही तर एआय."

"जन्मतारीख?"

"दोन हजार आठ, ऑगस्ट," हेही वडीलच. मग मान वळवून, "तारीख काय रं तुझी?"

अख्ख्या फॉर्ममध्ये पोराच्या वाट्याला आलेलं वाक्य ते एवढंच.

यात मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. माझ्याकडं दोनशे पानी वही होती. तिच्यात गावोगावच्या पोरांचे ई-मेल आणि पासवर्ड. ई-मेल मीच काढायचे आणि पासवर्ड सगळ्यांचा एकाच साच्यातला. डिसेंबरात फोन यायचा, "ताई, शिष्यवृत्तीचं उघडंना, पासवर्ड काय होता?" मला अभिमान वाटायचा, की बघा, माझ्यावाचून अडतं लोकांचं. तेव्हा ते पोरगं पुण्यात हॉस्टेलला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वीस वर्षांचं. आणि त्याचा पासवर्ड कराडात, ओटीपी बापाच्या फोनवर, बाप शेतात, आणि शेतात रेंज नाही.

दहावी-बारावीच्या पालकांना मी आता काय सांगते, ते लिहून काढ म्हणून लेक मागं लागली होती. कुठल्या क्षेत्राला किती स्कोप, ते मला विचारू नका. ते सांगणारे गल्लोगल्ली आहेत. मला दिसतात ते कागद, आणि कागदांमागची घरं.

आधी कागदच घेते, कारण वर्ष वाया जातं ते बहुतेक वेळा इथं.

नाव. दहावीच्या मार्कलिस्टवर आईचं नाव सुवर्णा, आधारवर स्वर्णा, रेशन कार्डावर नुसतं सोनाबाई. शाळेत मूल आहे तोवर दुरुस्ती सोपी असते. मुख्याध्यापकांना अर्ज आणि पुरावा दिला की काम होतं. एकदा बोर्डाचं मार्कलिस्ट छापलं की मग प्रतिज्ञापत्र, गॅझेट आणि हेलपाटे. म्हणून नववीत असतानाच एका रविवारी सगळे कागद जमिनीवर पसरा आणि अक्षर न अक्षर ताडून बघा. तुम्ही नाही, पोरानं बघायचं. तुम्ही चहा प्या.

जात वैधता. ओबीसी असाल तर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १९५० च्या आधीचा. म्हणजे आजोबांचा, नाही तर पणजोबांचा. त्यांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, किंवा गाव नमुना १४ मधली जन्माची नोंद. पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत पणजोबा शोधायचे आणि वंशावळ जुळवायची. हे जुलैत, प्रवेश तोंडावर आल्यावर होत नाही. अकरावीत गेल्या गेल्या साताऱ्याला जात पडताळणी समितीकडं अर्ज पडला पाहिजे. एक पोरगी आजीला घेऊन गावच्या शाळेत गेली आणि मोडी-मराठीच्या सरमिसळीतली नोंद मास्तरांकडून वाचून घेऊन आली. अकरावीतली होती. पणजोबा दुसरीतून शाळा सोडून गेले, कारणाच्या रकान्यात 'गुरे राखणे' लिहिलंय, हे तिनं मला काउंटरवर उभी राहून सांगितलं. तिचा फॉर्म भरायला मला सात मिनिटं लागली.

नॉन-क्रिमीलेयर सर्टिफिकेट ३१ मार्चला संपतं. दर वर्षी कुणी तरी संपलेलं घेऊन येतं आणि माझ्यावर चिडतं.

आणि 'मुलींना फी नाही' हे अर्धंच ऐकू नका. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर नाही. आणि हॉस्टेल, मेस ज्याची त्याची. एक बाबा फी शून्य आहे असं धरून आले आणि हॉस्टेलचा आकडा ऐकून बराच वेळ बाहेरच्या पायरीवर बसून होते. हा हिशेब अकरावीतच घरात, पोरांसमोर झालेला बरा. आपल्याकडं पैशाचं बोलणं पोरांच्या माघारी करतात. मग त्यांना वाटतं, बाप उगाच नाही म्हणतोय.

परीक्षांचंही तसंच. बीबीए-बीसीएला २०२४ पासून सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा लागली. त्या जूनमध्ये एक गृहस्थ बारावीचं मार्कलिस्ट घेऊन रुबाबात आले, परीक्षा मे महिन्यातच होऊन गेलेली. नंतर जागा रिकाम्या राहिल्या म्हणून पुन्हा एकदा परीक्षा घेतली, त्यांचं नशीब. आणि इंजिनिअरिंगच्या सीईटीत वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात, हे निम्म्या घरांत ठाऊक नसतं. अकरावी म्हणजे आराम, असा आपल्याकडं जुना समज. आमच्या वेळी होताही तसा.

आता माझ्याच घरचं सांगते, नाही तर दुसऱ्याला शिकवायला काय जातंय.

लेक दहावीनंतर सायन्सला गेली. अकरावीच्या सुट्टीत दिवसभर मोबाइल. वैतागून मी तिला ओगलेवाडीला तिच्या आत्याकडं पाठवलं. आत्याच्या यजमानांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळतात, त्या येतात. मला वाटलं, आठ दिवसांत कंटाळून येईल. शिक्षाच होती ती, खरं सांगायचं तर.

ती महिनाभर राहिली. जळलेली तीन एचपीची मोटार उघडली की कसला वास येतो, ते तिनं मला जेवताना सांगितलं आणि मी ताट सरकवलं. जुनी कॉइल कापून काढताना टर्न, म्हणजे तारेचे वेढे मोजायचे, एक जरी चुकला तरी मोटार तापते. स्लॉटमध्ये आधी कागद घालायचा, मग तांब्याची तार एकेक करून आत बसवायची, बांबूच्या चपट्या पट्टीनं दाबायची, शेवटी वार्निश करून भाजायची. पहिल्या आठवड्यात काकांनी तिला फक्त मोजायला बसवलं. दुसऱ्या आठवड्यात तिचं आणि काकांचं मोजणं दोन टर्ननं वेगळं आलं. पुन्हा मोजलं तर काका चुकलेले. हे ती आजही सांगते, काका असले तर जरा मोठ्यानं सांगते.

मी काही मनावर घेतलं नाही. बारावी झाली, सीईटी झाली, गेल्या वर्षीचा जुलै आला आणि इंजिनिअरिंगचे पर्याय भरायची शेवटची रात्र. दुकानात दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म. रात्री दहाला शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, आता लेकीचा उरकू. डोक्यात यादी तयार होती. कॉम्प्युटर, आयटी, एआय, मग उरलेलं. तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात, मी साठेक काढून ठेवलेले.

पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. माझाच साच्यातला पासवर्ड आणि मलाच चुकीचा म्हणतंय! मग 'पासवर्ड विसरलात' वर गेले. ओटीपी गेला. माझा फोन गप्प. तेव्हा आठवलं, सीईटीचा फॉर्म तिनं जानेवारीतच स्वतः भरला होता, स्वतःच्या नंबरवर. मी फोन लावला.

"ओटीपी आला असेल बघ, सांग गं."

"कशाचा?"

"तुझ्या फॉर्मचा. यादी भरते."

पलीकडं शांतता. मग, "कसली यादी, आई?"

"अगं शेवटचा दिवस आहे, वेळ नाही, सांग पटकन."

"मी येते."

दहा मिनिटांत स्कूटी बोळात. ती आली आणि खुर्चीपाशी उभी राहिली. मी खुर्चीत होते. सोळा वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या बापांना मी मनात नावं ठेवली होती. उठले आणि झेरॉक्स मशीनजवळच्या स्टुलावर जाऊन बसले.

तिच्या वहीत यादी होती. वरती इलेक्ट्रिकल. कराडचं सरकारी कॉलेज, मग सांगली, मग पुण्यातली दोन, मग बाकीची. प्रत्येकापुढं मागच्या वर्षीचा कटऑफ आणि हॉस्टेलचा खर्च पेन्सिलीनं. माझ्या यादीत खर्चाचा रकानाच नव्हता.

"कॉम्प्युटर का टाकायचं?" तिनं विचारलं. चिडून नाही.

"सगळे टाकतात," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. रोज पन्नास जणांचे फॉर्म भरणाऱ्या बाईचं हे उत्तर.

"एका तरी कॉम्प्युटरवाल्याला काम करताना बघितलंय का आपण?"

नव्हतं बघितलं. एक भाचा आहे पुण्यात, हिंजवडीला. तो दिवाळीत येतो आणि झोपतो.

तेव्हा मला जी धडकी भरली, तिचं कारण सांगते, कारण हा नियम अजूनही पालकांना माहीत नसतो. २०२५ पासून पहिल्या फेरीत तुमचा पहिला पर्याय लागला की तो आपोआप गोठतो, तोच घ्यावा लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. नको म्हणालात तर पुढच्या फेऱ्या बंद. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर जे होतं, ते तिच्या मार्कांत सहज मिळण्यासारखं होतं. म्हणजे तिला ओटीपी न विचारता माझ्या पासवर्डनं फॉर्म उघडला असता, तर पोरगी चार वर्षं मी रात्री दहाला ठरवलेल्या शाखेत. अकरावीलाही तसंच आहे. २०२५ पासून प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, दहा पसंती देता येतात, आणि पहिली पसंती मिळून घेतली नाही की नियमित फेऱ्यांतून बाहेर. 'वर काही पण टाका हो ताई' म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिलंय.

लेकीला दुसऱ्या फेरीत पाचव्या क्रमांकाचं लागलं. तिनं ते हातात ठेवून पुढं वाट बघितली. माझा जीव टांगणीला. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या क्रमांकाचं मिळालं. इलेक्ट्रिकल. घरापासून दीड तास. हॉस्टेलला आहे.

तिची निवड बरोबर निघाली, असं मी म्हणत नाहीये. पहिल्या सेमिस्टरला गणितात जेमतेम सुटली. इलेक्ट्रिकलला चार वर्षांनी काय दिवस असतील, ते तिलाही माहीत नाही. पण गणितात अडकली तेव्हा तिनं मला नाही, सरांना गाठलं. बँकेचं खातं, एटीएम, मेसचा हिशेब, आजारी पडली तर डॉक्टर, हे सगळं बारावीपर्यंत आम्ही करत होतो. एका ऑगस्टमध्ये सगळं तिच्या अंगावर आलं. पहिल्या महिन्यात मेसचे पैसे दोनदा भरले पोरीनं. हे नववी-दहावीपासून थोडं थोडं द्यायला हवं होतं. वीजबिल भर, बँकेत जाऊन पासबुक छापून आण, स्वतःचा रजेचा अर्ज स्वतः लिही, एवढंच. आम्ही म्हणायचो, तू अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो. प्रेमानंच म्हणायचो.

आणि ओगलेवाडीचा तो महिना. त्याला मी पैसे दिले नाहीत, सर्टिफिकेट मिळालं नाही. लाखभर फी घेऊन अकरावी-बारावीची कॉलेजची लॅबसुद्धा न दाखवणारे क्लास आपल्याकडं आहेत, तिथं पोरं घालायला आपण कर्ज काढतो. पण भावकीत कुणाचं वर्कशॉप, कुणाची नर्सरी, कुणाचं टॅक्सचं ऑफिस असतं, तिथं पोराला महिनाभर बसवायचं सुचत नाही. आपला हा 'कामाला लावणं' शब्दच वाईट झालाय.

दहावीनंतर डिप्लोमा म्हटलं की अजून तोंड वाकडं होतं, तेही एक. तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं. सरकारी तंत्रनिकेतन कराडातच आहे. पण पाहुण्यांत सांगायला सायन्स बरं वाटतं. असो, ह्यावर लिहायला बसले तर मी बरीच वाईट बोलेन.

यंदा मी दोन गोष्टी केल्या. पासवर्डची वही बंद केली. ई-मेल पोरानं स्वतःच्या फोनवर माझ्यासमोर काढायचा, पासवर्ड मला सांगायचा नाही. आणि काउंटरवर कागद चिकटवलाय: 'ज्याचा फॉर्म, त्यानं खुर्चीत बसावे. फोन सोबत आणावा.'

परवा एक गृहस्थ आले, कागद वाचला, पोराकडं बघितलं, पुन्हा कागद वाचला आणि शेजारच्या दुकानात गेले. तिथं दहा रुपये कमी पण घेतात.