पट्टदकलच्या भिंतीवरचं नाव

सोलापूरहून गदगकडे जाणारी गाडी विजयपूर सोडेपर्यंत खिडकीतून दिसणारा दगड आपलाच असतो. बांधावर काळा, घरांच्या जोत्याला काळा, गोलघुमटालाही तोच. पुढे बागलकोटच्या आसपास तो संपतो. दख्खनच्या लाव्हाचा पसारा तिथे मागे पडतो आणि बदामी जवळ येता येता तांबूस, थरांचे डोंगर उभे राहतात. डब्यात कुणालाच याचं काही वाटत नव्हतं. मी मात्र दारात जाऊन उभा राहिलो, कारण मी पाथरवटाचा नातू आहे आणि दगड बदलला की मला गाव बदलल्यासारखं वाटतं.

आजोबांचं सगळं आयुष्य काळ्या दगडात गेलं. साताऱ्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात त्यांनी विहिरी बांधल्या, जोती घातली, आणि काम नसेल तेव्हा गावोगाव फिरून जात्यांना, पाट्यांना टाकी लावली. कपची उडून त्यांचा डावा डोळा अधू झाला होता. ते गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्यांना कामाबद्दल एक प्रश्नही मी कधी विचारला नाही.

बदामीत दोन दिवस होतो. चारही लेणी पाहिली, तलावाच्या पायऱ्यांवर बसलो, माकडांनी केळी नेली. तिसऱ्या लेण्यातल्या खांबांवर दगडाचे मूळ पट्टे लाटांसारखे वर-खाली गेलेत; जांभळा, गुलाबी, पिवळट. हे लेणं इसवी सन 578 मधलं, चालुक्य राजा कीर्तिवर्म्याच्या काळात त्याचा भाऊ मंगलेश याने कोरवून घेतलेलं. शिलालेखात साल असल्यामुळे ते इतकं नेमकं सांगता येतं. त्या पट्ट्यांवरून नजर हटत नव्हती, पण खरं सांगायचं ते पट्टदकलचं आहे.

बदामीहून पट्टदकल, चालुक्यांच्या देवळांचं गाव, साधारण 22 किलोमीटर. दिवसभरासाठी रिक्षा ठरवली. पोहोचलो तेव्हा शाळेच्या तीन सहली आत होत्या आणि प्रत्येक देवळापाशी फोटोसाठी रांग. घेतलेल्या गाइडने वीस मिनिटांत सगळं उरकलं: हे शिखर नागर, ते द्राविड, इथे उभे राहा, फोटो काढतो. दगड कुठून आला, कुणी आणला, कसा बसवला, यावर एक शब्द नाही. मला राग आला. हजार-बाराशे वर्षं उभ्या असलेल्या भिंतीसमोर आपण फक्त शिखराच्या जाती मोजायच्या? त्याला पैसे देऊन मी मोकळा झालो आणि पुन्हा पहिल्यापासून एकटा फिरलो.

संगमेश्वराच्या देवळाशी थांबलो. हे इथलं जुनं मंदिर, विजयादित्य राजाच्या कारकिर्दीतलं. तो 733 मध्ये गेला आणि काम अर्धवट राहिलं. बाहेरच्या भिंतीवर काही मूर्ती पुऱ्या झालेल्या नाहीत. कुठे नुसता खांद्याचा उंचवटा, कुठे पायांच्या जागी चौकोनी ठोकळा. याचा अर्थ सरळ आहे: आधी दगड घडवून, चुन्याशिवाय एकावर एक बसवून भिंत उभी केली आणि मग जागेवरच मूर्ती कोरायला घेतली. एका ठोकळ्यावर टाकीचे घाव तिरके, एका रांगेत, सारख्या अंतराने पडले आहेत. अगदी तसेच घाव आमच्या घरच्या पाट्यावर होते. आई मिरची वाटायची तेव्हा त्या खाचांत लाल रंग भरून राहायचा.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. पुऱ्या झालेल्या मूर्तीत देव दिसतो. या अर्धवट ठोकळ्यात मला माणसाचा हात दिसला. कुठल्या बाजूने बसला होता, टाकी किती कलती धरली होती, कुठे थांबला होता, सगळं. पहारेकऱ्याने लांबूनच हात लावू नका म्हणून खूण केली. मी लावला नव्हता, पण लावणार होतो.

विरूपाक्षाकडे गेलो तेव्हा ऊन कललं होतं. पल्लवांच्या कांचीवर चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याने मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून त्याच्या राणीने, लोकमहादेवीने, 740 च्या सुमारास हे मंदिर उभारलं. या मंदिराच्या शिलालेखात राणीइतकाच ठळकपणे कारागिराचा उल्लेख आहे: गुंड, अनिवारिताचारी, ज्याला 'त्रिभुवनाचारी' ही पदवी मिळाली. आपल्याकडे 'गुंड' या शब्दाला वेगळाच अर्थ आहे, त्यामुळे वाचताना क्षणभर अडखळायला होतं. दुसरं नाव सर्वसिद्धी आचारी, दक्षिण दिशेचा सूत्रधारी. पापनाथाच्या देवळावर रेवडी ओवज्ज. मला जुनी कन्नड लिपी वाचता येत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्याने लेखाच्या ओळी बोटाने दाखवल्या आणि हिंदी-कन्नडमध्ये जमेल तसं सांगितलं. त्यांचा माझ्यावर मोठा उपकार आहे.

सूत्रधारी म्हणजे ज्याच्या हातात सूत आहे तो. मराठीतला 'सुतार' याच शब्दातून आला. आजोबांच्या थैलीतही सूत असायचं, गुण्या आणि ओळंब्याच्या जोडीला. चिरा ओळीबाहेर गेला की ते गड्याला एवढंच म्हणत, "सुतात घे." पट्टदकलच्या भिंतीपुढे उभं राहून हे आठवलं आणि डोळे भरून आले.

वेरूळचं कैलास लेणं याच विरूपाक्षाच्या नमुन्यावर घडलं, असं अभ्यासक सांगतात. चालुक्यांना हरवून राष्ट्रकूट आले, आणि कृष्ण पहिला याने तीच कल्पना काळ्या कातळात उतरवली, कळसापासून पायाकडे, एकही दगड न रचता. आपल्या मराठी दंतकथेत तिथल्या कारागिराचं नाव पैठणचा कोकस. तिकडे नाव गोष्टीत राहिलं, इकडे ते भिंतीवर खोदलेलं आहे. मला भिंतीवरचं जास्त मोलाचं वाटतं. गोष्ट सांगणारा बदलला की गोष्ट बदलते.

परतताना रिक्षावाल्याला म्हटलं, जुन्या खाणी बघायच्या आहेत. त्याला कळेना की दगड काढलेल्या जागेत बघण्यासारखं काय असतं. शेवटी दोनशे रुपये जास्त ठरले आणि आम्ही पट्टदकलच्या उत्तरेच्या टेकड्यांकडे वळलो. शेवटचा भाग चालत, काटेरी झुडपांतून. दुकान नाही, फलक नाही, सावली नाही. पाणी भरपूर न्या. मी नेलं नव्हतं आणि त्याचा त्रास रात्रीपर्यंत झाला.

तिथे खडकावर पाचरींच्या खाचा आहेत. चौकोनी, ओळीने, थोड्या थोड्या अंतरावर. ओळीतल्या सगळ्या खाचांत पाचरी बसवायच्या आणि आळीपाळीने ठोकत न्यायचं, की दगड त्या रेषेवर उकलतो. वालुकाश्माला स्वतःचे थर असतात, ते कामी येतात: खालची बाजू थराने सुटते, उभ्या बाजूला फक्त माणसाने घाव घालायचा. आमच्या काळ्या दगडाला असे थर नसतात, त्यातल्या फटी शोधाव्या लागतात. बदामीजवळ दाराच्या चौकटी घडवणारे एक वयस्क गवंडी भेटले होते. ते म्हणाले होते, खाणीत दगड जसा आडवा निजला होता तसाच भिंतीत निजवायचा, उभा केला तर पापुद्रे सुटतात. देवळांत फिरताना त्यांचं म्हणणं मी तपासून पाहिलं होतं. उभ्या लावलेल्या काही फरशांचे खरोखरच पापुद्रे निघाले आहेत.

एका खडकावर खाचांची ओळ पुरी आहे, पण दगड उकललेला नाही. कुठेतरी आत चीर वाकडी गेली असावी, किंवा काम थांबलं असावं. जवळच जुन्या लिपीत नावं कोरलेली आहेत. ही राजाने दिलेली पदवी नाही की मंदिरावरचा लेख नाही. दगड काढणाऱ्यांनी दगडावर स्वतःच टाकलेली नावं.

मी खडकावर बसलो आणि वडिलांना फोन लावला. विचारलं, आजोबांनी बांधलेल्या विहिरी कुठल्या? ते गडबडले, असं अचानक का विचारतोस, म्हणाले. मग सांगत गेले. एक देवळामागची, जिच्या पायऱ्या अजून शाबूत आहेत. दुसरी ओढ्यालगतची, पाटलांच्या मळ्यातली. दोन्ही मी लिहून घेतल्या, खाली तारीखही घातली. तिसरी त्यांना आठवेना. ती आत्याला विचारायची आहे.