एका ओव्हनवर थँक्सगिव्हिंग: टर्की, शाकाहारी पाहुणे आणि वाइन

थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरच्या सणाचा, स्वयंपाक तसा अवघड नाही. अडचण एवढीच, की अमेरिकेतल्या बहुतेक घरांत ओव्हन एकच असतो. टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी), स्टफिंग (पावाच्या तुकड्यांचं सारण), बीन्सचं कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेली भाजी), रताळी, पाय (पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) या सगळ्यांना तोच हवा असतो, आणि तोही दुपारी दोन ते चार. म्हणून मी आधी ओव्हनचं वेळापत्रक कागदावर लिहिते आणि जे त्यात बसत नाही ते कुकरवर, स्लो कुकरवर नाहीतर आदल्या दिवसावर ढकलते. पुढची मापं दहा-बारा जणांची आहेत, पानं चारला घ्यायची असं धरून.

बोलावणं करतानाच विचारून घ्यायचं: गुरुवार कोण कोण पाळतं? १९४१ च्या कायद्यापासून हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी पक्का झालाय, आणि मराठी घरांत दत्ताचा नाहीतर साईबाबांचा गुरुवार करणारं कुणीतरी निघतंच. त्यात एखाद्या वर्षी मार्गशीर्ष लवकर येतो. २०२२ आणि २०२५ मध्ये मार्गशीर्षातला पहिला गुरुवार नेमका थँक्सगिव्हिंगलाच आला होता. घरी महालक्ष्मीचा घट मांडून आलेल्या बाईला टर्कीच्या वासात बसवण्यात काही अर्थ नाही. अशा वर्षी मी जेवण सरळ शुक्रवारी ठेवते. सुट्टी बहुतेकांना असतेच. इथे मात्र वार गुरुवार धरून लिहिलेत.

टर्की माणशी सव्वा पौंड धरायची, म्हणजे १४ पौंडांची, साधारण साडेसहा किलो. गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला दर ४ पौंडांना एक दिवस लागतो. ती शनिवारी संध्याकाळी फ्रीझरमधून काढून सगळ्यात खालच्या कप्प्यात कडा असलेल्या ट्रेवर ठेवली, की बुधवारी सकाळी हाताशी येते. सोमवारी आठवण झाली तर फ्रिजवर भरवसा ठेवू नये: बाहेरून मऊ लागते आणि पोटात बर्फ असतो. मग पिशवीसकट थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाला पाणी बदलत, पौंडाला अर्धा तास या हिशोबानं. १४ पौंडांना सात तास. सुटल्यावर पोटातून मान काढायची आणि काळीज-पेट्याची कागदी पुडी शोधायची. ती कधी पोटात असते, कधी मानेकडच्या कातडीखाली. टर्की नळाखाली धुवायची नाही. शिंतोडे सिंकभर उडतात आणि शेजारी कोथिंबीर निथळत असते.

पाठीचा कणा काढून टर्की पुस्तकासारखी उघडून भाजणं ही या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात कामाची गोष्ट. अख्खी टर्की ३२५ अंश फॅरनहाइटला साडेतीन तासांच्या आसपास घेते, आणि मांड्या शिजेपर्यंत छातीचं मांस कोरडं ठाक होतं. उघडलेली ४२५ अंशांना (२२० सेल्सिअस) दीड तासात होते. जाड कात्रीनं शेपटीच्या टोकाकडून कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापत जायचं. मांडीच्या सांध्याजवळ कात्री अडते, तिथे जोर न लावता थोडं बाहेरच्या अंगानं वळवायची. मग छाती वर करून दोन्ही तळव्यांनी मध्यभागी दाबायची, कट्ट असा आवाज आला की टर्की सपाट बसते. कणा टाकू नये, ग्रेव्हीचा सगळा जीव त्यात असतो.

बुधवारी सकाळी ती पुसून कोरडी करायची आणि दर ५ पौंडांना एक मोठा चमचा खडबडीत कोशर मीठ चोळायचं. साधं बारीक मीठ असेल तर निम्मं. लेबलवर ‘सोल्यूशन’ (मिठाचं पाणी) घातल्याचं लिहिलेलं असेल तर मीठ लावायचंच नाही, कारखान्यात आधीच टोचलेलं असतं. न झाकता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की कातडी सुकते आणि भाजताना कुरकुरीत होते.

कणा, मान, पेटा, एक कांदा आणि सेलरीचे दोन दांडे सहा कप पाण्यात दोन तास मंद उकळले की स्टॉक तयार. काळीज त्यात घालू नये, कडवट होतो. बुधवारी रात्री भोपळ्याचा पायही भाजून घ्यायचा. दुकानात भोपळ्याच्या निव्वळ गराचा आणि साखर-मसाला घातलेल्या ‘पाय फिलिंग’चा असे दोन डबे शेजारी असतात आणि दिसायला सारखे असतात, नीट वाचून घ्या. पाय ४२५ ला १५ मिनिटं, मग ३५० ला पाऊण तास. मधला दोन इंचांचा भाग अजून हलतोय तोवर बाहेर काढायचा. पूर्ण घट्ट होऊ दिला तर अंडं जास्त शिजतं आणि निवताना भेग पडते.

शाकाहाऱ्यांसाठी डोळ्यात तेल घालून लेबलं वाचावी लागतात. रताळ्यांवर पसरतात त्या मार्शमेलोत (मऊ गोड गोळ्यांत) जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीतून काढलेला पदार्थ, असतं, तयार पायच्या पारीत कधीकधी डुकराची चरबी असते. रताळ्यांवर मी पिकान (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि ब्राउन शुगर घालते. स्टफिंग टर्कीच्या पोटात भरायचा प्रश्नच उरत नाही, कारण पोटच नाही. दीड पौंड पावाचे तुकडे २५० अंशांना तासभर सुकवायचे, ११३ ग्रॅम लोण्यावर कांदा-सेलरी परतायची, सेज, थाइम ही सुगंधी पानं आणि अडीच कप भाज्यांचा स्टॉक. हे सगळ्यांना चालतं. तरीही शाकाहारी माणसाच्या पानात नुसती तोंडीलावणी उरतात, म्हणून कुकरला मसालेभात लावते. ओव्हन लागत नाही आणि संपतोही तोच आधी.

क्रॅनबेरीचा मेथांबा करून बघाच. एका पिशवीत १२ औंस, म्हणजे ३४० ग्रॅम फळं येतात. मोठा चमचाभर तेलात मोहरी, पाव चमचा मेथ्या आणि हिंग. मेथ्या गुलाबी झाल्या रे झाल्या की फळं टाकायची, कारण क्रॅनबेरीला स्वतःचा कडवटपणा असतो आणि त्यात करपलेली मेथी म्हणजे औषधच. अर्धा कप पाणी घालून झाकायचं, फळं फटाफट फुटतात. मग पाऊण कप गूळ, तिखट, मीठ. पळीवाढं असतानाच गॅस बंद, निवताना पेक्टिनमुळे आपोआप घट्ट होतो.

गुरुवारी सव्वा वाजता टर्की ओव्हनमध्ये, खाली कांदा-गाजराचा थर. तो नसेल तर टपकणारी चरबी जळते आणि स्मोक अलार्म बोंबलतो. सोबतच्या प्लॅस्टिकच्या पॉप-अप खुणेवर विसंबू नका, ती बहुधा मांस कोरडं झाल्यावरच वर येते. थर्मामीटर हाडाला न लागता छातीत आणि मांडीत खुपसायचा. छाती १६० आणि मांडी १६५ च्या वर गेली की बाहेर. विसावताना छातीचे उरलेले पाच अंश चढतात, चढले का ते पुन्हा टोचून बघायचं. अडीच-पावणेतीनला टर्की बाहेर आली की ओव्हन ३७५ वर आणून स्टफिंग, रताळी आणि बीन्स आत. टर्की तोवर ओट्यावर अर्धा-पाऊण तास निवांत.

त्याच वेळात ग्रेव्ही: पाव कप चरबीत पाव कप मैदा खमंग भाजायचा आणि तीन कप स्टॉक थोडा थोडा घोटत घालायचा. एकदम ओतला की गुठळ्या. मीठ शेवटी, ट्रेमधला रस आधीच खारट असतो. शाकाहाऱ्यांची मशरूमची ग्रेव्ही वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावानं. ५ पौंड युकॉन गोल्ड बटाटे हातानं कुस्करावे. मिक्सरमध्ये फिरवले की स्टार्च सुटून खळ होते, ती सुधारत नाही. कोमट दूध-लोणी घालून स्लो कुकरच्या ‘वॉर्म’वर तासभर छान राहतात.

वाइन पिणाऱ्या माणशी अर्धी बाटली पुरते. ७५० मिलीत पाच ग्लास होतात. इथे महागडी कॅबरने ही लाल वाइन आणू नये. तिचं टॅनिन, म्हणजे तुरटपणा, टर्कीच्या सुक्या मांसाबरोबर तोंड कोरडं करतं आणि मेथांब्याच्या तिखटाबरोबर चरचरतं. किंचित गोड रीसलिंग ही पांढरी वाइन तिखटाला उत्तम, लालमध्ये पिनो नुआर. बोजोले नूव्हो ही फ्रान्सची नवी लाल वाइन तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी, म्हणजे बरोबर आठवडाभर आधी बाजारात येते आणि स्वस्तही असते. लाल बाटल्याही वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवाव्या, स्वयंपाकानं घर तापलेलं असतं. खरेदी बुधवारपर्यंत उरका. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात त्या दिवशी दारूची दुकानंच बंद असतात.

कापताना आधी तंगड्या सांध्यातून सुट्या करायच्या, मग छातीचा अख्खा भाग हाडापासून सोडवून आडवे काप, प्रत्येकाला कातडीची पट्टी येईल असे. मांडणी दोन टेबलांवर. शाकाहारी टेबल दाराजवळ, म्हणजे रांग तिथून सुरू होते आणि चमचे इकडचे तिकडे होत नाहीत.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत फ्रिजमध्ये जायला हवं. तीन-चार दिवस टिकतं. शनिवारी मी त्या तुकड्यांचं मालवणी मसाल्यात सुकं करते: कांदा-खोबरं पूर्ण परतून झाल्यावर टर्की घालायची आणि पाच मिनिटांत उतरवायची. शिजलेलं मांस पुन्हा शिजवलं की त्याच्या दोऱ्या होतात.