फ्रेडीच्या पिझ्झेरियाची गोष्ट जुळवताना

‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ खेळलेल्या दोघांना या भीतीदायक व्हिडिओ गेम मालिकेची गोष्ट सांगायला लावा, त्यांच्या गोष्टी एकमेकींशी जुळणार नाहीत. माझ्या भाच्याला सगळी पात्रं तोंडपाठ आहेत, पण ‘कोणी कोणाला मारलं आणि कधी?’ असं विचारलं की तो ‘मामा, त्याचा एक व्हिडिओ आहे’ म्हणून फोन पुढे करतो. व्हिडिओतले तर्क हुशार असतात, पण त्यात गेममध्ये दिसलेलं किती आणि बोलणाऱ्याने जोडलेलं किती, हे वेगळं करता येत नाही. म्हणून मी ठरवलं, ऐकीव काही धरायचं नाही. गेम ज्या क्रमाने बाहेर आले त्याच क्रमाने खेळायचे आणि पडद्यावर जे दिसेल, कानावर पडेल, तेवढंच वहीत लिहायचं.

सुरुवात करण्याआधी हे गेम कोणी आणि कशासाठी केले ते वाचून काढलं, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. अमेरिकेत टेक्सासमध्ये राहणारा स्कॉट कॉथन हा एकटा माणूस अनेक वर्षं छोटे गेम आणि ख्रिस्ती धार्मिक वळणाचे ॲनिमेशनपट करत होता. ‘चिपर अँड सन्स लंबर कंपनी’ हा त्याचा मुलांसाठीचा गेम २०१३ साली आला. त्यातले प्राणी लोकांना गोंडस वाटण्याऐवजी यंत्राच्या बाहुल्यांसारखे भेसूर वाटले. कॉथनला ही टीका फार लागली. मग त्याने तीच टीका हाताशी धरली आणि या वेळी मुद्दाम घाबरवणाऱ्या यंत्रबाहुल्या घडवल्या. किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करण्याच्या संकेतस्थळावर पैसे उभे राहिले नाहीत, तरी काम थांबलं नाही आणि ऑगस्ट २०१४ मध्ये पहिला गेम आला.

या बाहुल्यांना मागे खरी पार्श्वभूमी आहे. ‘अटारी’ ही व्हिडिओ गेमची कंपनी उभी करणाऱ्यांपैकी एक असलेल्या नोलन बुशनेलने १९७७ साली कॅलिफोर्नियात सॅन होजेला एक पिझ्झाचं दुकान काढलं. तिथे मुलांनी पिझ्झा खायचा, व्हिडिओ गेम खेळायचे आणि मंचावर गाणारे यांत्रिक प्राणी बघायचे. अमेरिकेत कित्येकांचे लहानपणचे वाढदिवस अशा ठिकाणी झाले आहेत. आपल्याकडे ती दुकानं नव्हती. पण पुण्यात गणपतीत हलते देखावे पाहिलेल्यांना ही भीती समजावून सांगावी लागणार नाही. मध्यरात्री वीज बंद झाल्यावर अर्धा हात उचलून तसाच थांबलेला राक्षस ज्याने पाहिलाय, त्याला फ्रेडी, म्हणजे गेममधलं यांत्रिक अस्वल, लगेच कळतं.

पहिल्या गेममध्ये तुम्ही अशाच एका दुकानात, फ्रेडीच्या पिझ्झेरियात, रात्रपाळीचे रखवालदार असता. रात्री बाहुल्या तुम्हाला मारायला येतात, त्यांना अडवायचं. रात्री बारा ते सकाळी सहा एका खोलीत बसायचं. दोन दारं, दोन दिवे, कॅमेरे आणि मोजकी वीज. दार लावलं, कॅमेरा उघडला की वीज जास्त खर्च होते. एक रात्र साधारण नऊ मिनिटांत संपते, पण खुर्ची सोडता येत नाही. कॉथनने हा गेम ‘क्लिकटीम फ्यूजन’ या साध्या साधनात केला आणि आधीच तयार करून ठेवलेली स्थिर चित्रं वापरली. त्यामुळे बॉनी हा ससा आणि चिका ही कोंबडी कधी चालताना दिसत नाहीत. कॅमेऱ्यात खरखर होते, चित्र परत येतं, तेव्हा जागा रिकामी असते. बोळातून धावत येताना दिसतो तो एकटा फॉक्सी हा कोल्हा. स्वयंपाकघराच्या कॅमेऱ्यावर तर चित्रच नाही, नुसता भांड्यांचा आवाज. एकट्या माणसाच्या हाती जेवढं होतं, त्यातूनच ही भीती आली आहे, आणि माझ्या मते मोठ्या पैशांत केलेल्या कित्येक भयपट-गेमना ती साधलेली नाही. हेडफोन लावूनच खेळा.

गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. रोज रात्री फोनवर आधीचा रखवालदार बोलतो (हा आवाज कॉथनचाच) आणि बोलता बोलता ‘बाइट ऑफ ’८७’चा, म्हणजे ८७ साली एक बाहुली कोणाला तरी चावल्याचा, उल्लेख करून पुढे जातो. पूर्वेच्या बोळातल्या भिंतीवरचा कागद अधूनमधून बदलतो आणि तिथे वर्तमानपत्राची कात्रणं दिसतात: पाच मुलं बेपत्ता, बाहुलीचा वेश घातलेल्या माणसाने त्यांना मागच्या खोलीत नेलं, प्रेतं सापडली नाहीत. पुढच्या कात्रणात गिऱ्हाइकांची तक्रार आहे, की बाहुल्यांच्या डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती रक्त दिसतं. हे वाचायला कॅमेरा उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्यात वीज जाते. वहीचं पहिलं पान मी असंच तुकड्यातुकड्यांनी भरलं.

नोव्हेंबर २०१४ मधल्या दुसऱ्या गेमने ते पान उलटंपालटं केलं. मी तो पुढचा भाग समजून खेळत होतो. शेवटी पगाराचा चेक आला, त्यावर साल १९८७. म्हणजे हा आधीचा काळ! इथे दारंच नाहीत, फ्रेडीचा मुखवटा घालून बाहुल्यांना चकवायचं आणि संगीतपेटीला सतत किल्ली द्यायची. आणि गोष्ट हवी असेल तर हरावं लागतं. तुम्ही मेल्यावर कधीतरी अचानक जुन्या अटारीच्या धर्तीचा छोटा खेळ सुरू होतो. एकात आत मुलं केक खात असतात, बाहेर एक मूल रडत असतं, गाडीतून जांभळा माणूस उतरतो आणि त्याला मारतो. जिंकण्यासाठी खेळणाऱ्याला हे कदाचित कधीच दिसणार नाही. पाचवी रात्र पार करता येत असूनही मी पुन्हा पुन्हा मुखवटा काढून बसलो, ते याचसाठी.

मार्च २०१५ चा तिसरा गेम तीस वर्षांनंतरचा. यंत्रबाहुली एकच, स्प्रिंगट्रॅप, आणि तिच्या आत कोण आहे ते शेवटच्या छोट्या खेळात कळतं: मुलांच्या आत्म्यांना घाबरून जांभळा माणूस सशाच्या जुन्या पोशाखात शिरतो आणि त्यातल्या स्प्रिंगा सुटून त्याला चिरडतात. विल्यम आफ्टन हे त्याचं नाव मात्र गेममध्ये तोवर येत नाही, ते २०१५ च्या अखेरीस आलेल्या कादंबरीतून मिळालं.

चौथ्यात, जुलै २०१५, मुलाची झोपायची खोली आणि दाराशी कान लावून ऐकायचा बाहुल्यांचा श्वास. मधल्या प्रसंगांत मोठा भाऊ वाढदिवशी लहानग्याचं डोकं बाहुलीच्या जबड्यात देतो. हाच ८७ चा चावा असं अनेकांनी धरलं होतं. पण त्याच घरातल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात १९८३ लिहिलेलं आहे. तो आकडा दिसला तेव्हा मी वहीत नवा क्रम मांडला: चौथ्यातले प्रसंग, मग दुसरा, मग पहिला, मग तिसरा. चौथ्याच्या शेवटी एक कुलूपबंद पेटी दिसते. कॉथनने ती कधीच उघडली नाही. त्यावर लोक चिडले, मला ते योग्य वाटतं. उघडली असती तर एवढी माणसं इतकी वर्षं आकडे, रंग आणि कात्रणं तपासत बसली नसती.

जानेवारी २०१६ च्या ‘फनॅफ वर्ल्ड’ (FNaF World) या गेमवर टीका झाली, तेव्हा त्याने स्वतःहून तो विक्रीतून काढला, पैसे परत दिले आणि सुधारून फुकट दिला. डिसेंबर २०१७ चा ‘पिझ्झेरिया सिम्युलेटर’ही फुकटच होता आणि तिथे आगीत सगळ्यांचा शेवट होतो. पुढचे मोठे गेम ‘स्टील वूल’ या स्टुडिओने केले. त्यांतल्या ‘सिक्युरिटी ब्रीच’मध्ये मोकळं फिरता येतं, पण ती खुर्ची नाही.

नव्याने सुरू करणाऱ्याने क्रम प्रकाशनाचाच ठेवावा. काळाच्या क्रमाने खेळलात तर चेकवरचं ते साल तुम्हाला काहीच सांगणार नाही. भाच्याला मी वही दिली आहे. त्याने पेटीच्या पानावर तीन शक्यता पेन्सिलीने लिहिल्या आहेत, आणि त्यातली एक मला अजून खोडता आलेली नाही.