दुसऱ्या धाग्याचा प्रश्न

गेल्या ऑगस्टमध्ये बारावीच्या वर्गात डीएनएच्या प्रतिकृतीचा धडा संपवून मी फळा पुसत होते, तेव्हा यावल तालुक्यातील एका खेड्यातून रोज एसटीने येणाऱ्या मुलीने हात वर केला. "मॅडम, दुसऱ्या धाग्यासाठी पेशी एवढा आटापिटा का करते? उलट्या दिशेने जोडणारे एखादे एन्झाइम असते, तर तुकडे तुकडे जोडत बसावे लागले नसते." तास संपल्याची घंटा झाली होती. हे परीक्षेला विचारत नाहीत, एवढेच सांगून मी वर्गाबाहेर पडले. त्या उत्तराची लाज मला संध्याकाळी घरी येईपर्यंत पुरली, कारण तिचा प्रश्न हाच त्या धड्याचा गाभा आहे आणि बावीस वर्षे हा धडा शिकवताना मी तो एन्झाइमांची यादी म्हणून शिकवत आले होते. तिला पुढच्या आठवड्यात जे समजावून सांगितले, ते थोडे सविस्तर येथे लिहीत आहे.

डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात आणि त्यांच्या मधोमध अक्षरांच्या जोड्या असतात: ॲडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी ही रचना मांडली आणि तिला आधार होता तो प्रामुख्याने रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा. एका धाग्यावरून दुसरा लिहिता येतो, म्हणून धागे अलग केले की प्रत्येकावर नवा जोडीदार बांधता येतो. प्रत्यक्षात तसेच घडते, हे मेसेलसन आणि स्टाल यांनी 1958 मध्ये जड नायट्रोजनवर वाढवलेल्या जिवाणूंना साध्या नायट्रोजनवर आणून दाखवून दिले. पहिल्या पिढीतील सगळा डीएनए मध्यम वजनाचा निघाला, म्हणजे प्रत्येक रेणूत एक धागा जुना आणि एक नवा होता. प्रयोग देखणा आहे, परंतु तो आपल्या सर्व पाठ्यपुस्तकांत असल्यामुळे त्यावर येथे थांबत नाही.

अडचण सुरू होते ती धाग्याच्या दिशेपाशी. धाग्याचा कणा साखर आणि फॉस्फेट यांचा असतो आणि साखरेतील कार्बनांच्या क्रमांकांवरून त्याच्या एका टोकाला पाच क्रमांकाचे, तर दुसऱ्याला तीन क्रमांकाचे टोक म्हणतात. डीएनएमध्ये हे दोन धागे एकमेकांच्या विरुद्ध तोंडाने बसलेले असतात. नवा धागा बांधणारे पॉलिमरेज हे एन्झाइम मात्र नवे अक्षर फक्त तीन क्रमांकाच्या टोकालाच जोडू शकते. आर्थर कोर्नबर्ग यांनी 1956 मध्ये पहिले पॉलिमरेज वेगळे केले. त्यानंतर जिवाणूंपासून माणसांपर्यंत अनेक पॉलिमरेज सापडली, तरी उलट्या दिशेने डीएनएची प्रत काढणारे एकही मिळाले नाही. शिवाय या एन्झाइमला कोऱ्या जागेवरून सुरुवातही करता येत नाही. आधी कोणीतरी एक छोटासा तुकडा मांडून द्यावा लागतो. प्रायमेज नावाचे दुसरे एन्झाइम आरएनएची सुमारे दहा अक्षरे मांडते, त्याला प्रायमर म्हणतात, आणि त्याच्या टोकापासून पॉलिमरेज पुढे निघते.

धागे उकलणे हेसुद्धा सोपे काम नव्हे. बैलाचा दोन पेडी दोर मधूनच धरून पेड वेगळे करू लागलात, तर हातापुढचा पीळ घट्ट होत जातो आणि शेवटी दोराला गाठी पडतात. हे खान्देशातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. डीएनएचा एक पीळ साधारण साडेदहा अक्षरजोड्यांचा असतो आणि ई. कोलाय या जिवाणूत प्रतिकृती सेकंदाला सुमारे 1,000 अक्षरांच्या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ शंभर पीळ सोडवावे लागतात. हेलिकेज पेड वेगळे करत पुढे जाते आणि त्याच्या पुढे साचलेला पीळ टोपोआयसोमरेज काढते. ते धागा कापते, पीळ सुटू देते आणि कापलेली टोके पुन्हा जोडते.

आता दुसऱ्या धाग्याकडे येऊ. वर्गात मी यासाठी आपली रेल्वेलाइन वापरली. समजा, दोर भुसावळपाशी उकलू लागला आहे आणि ही उकल भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद असे करत पाचोऱ्याकडे सरकत आहे. पहिल्या धाग्यावरच्या पॉलिमरेजची दिशा हीच असल्याने ते उकलीच्या मागोमाग न थांबता चालत राहते. दुसऱ्या धाग्यावरच्या पॉलिमरेजला मात्र केवळ भुसावळच्या दिशेनेच चालता येते. म्हणून उकल भादलीपर्यंत पोहोचली की भादलीला प्रायमर मांडायचा आणि तेथून भुसावळपर्यंत मागे बांधत जायचे. उकल जळगावला आली की जळगावला नवा प्रायमर मांडून भादलीपर्यंत मागे यायचे. मग शिरसोलीहून जळगावपर्यंत. काम पुढे सरकते, पण प्रत्येक तुकडा मागच्या दिशेने बांधला जातो. शिरसोलीहून आलेला तुकडा जळगावला टेकला की जळगावचा आरएनए काढून टाकायचा, ती जागा त्याच तुकड्याचे टोक वाढवून डीएनएने भरायची आणि उरलेली फट लायगेज या सांधणाऱ्या एन्झाइमने सांधायची. जिवाणूंत हे तुकडे 1,000 ते 2,000 अक्षरांचे असतात, आपल्या पेशींत केवळ 100 ते 200 अक्षरांचे.

हे तुकडे ज्यांच्या नावाने ओळखले जातात, त्या ओकाझाकी दांपत्याविषयी पाठ्यपुस्तक काहीच सांगत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. रेइजी ओकाझाकी आणि त्यांच्या पत्नी त्सुनेको यांनी जपानमधील नागोया विद्यापीठात 1960 च्या दशकात हे काम केले. वाढत्या जिवाणूंना त्यांनी किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएत थायमीन म्हणून बसणारा कच्चा माल) काही सेकंदांपुरतेच दिले आणि लगेच डीएनए काढून त्याच्या धाग्यांची लांबी तपासली. क्षणापूर्वी बनलेला डीएनए आखूड तुकड्यांत मिळाला आणि थोडा वेळ अधिक दिला की तीच किरणोत्सारी खूण लांब धाग्यांत दिसू लागली. म्हणजे आधी तुकडे बनतात आणि मग ते सांधले जातात. लायगेज सदोष असलेल्या विषाणूंच्या बाबतीत तुकडे सांधले न जाता साचून राहिले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. रेइजी यांचा जन्म हिरोशिमाचा. अणुबाँब पडला तेव्हा ते शाळकरी मुलगा होते. 1975 मध्ये वयाच्या अवघ्या 44 व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्सुनेको यांनी संशोधन थांबवले नाही आणि तुकड्यांच्या आरंभी असलेल्या आरएनएविषयीचे काम पुढे नेले. 2021 मध्ये जपानने त्यांना संस्कृती सन्मान दिला.

परंतु माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न तुकडे कसे बनतात हा नव्हताच. उलटे चालणारे एन्झाइम का नाही, हा होता. जीवरसायनशास्त्रात याचे जे उत्तर दिले जाते, ते समजले तेव्हा मला संपूर्ण धडा नव्याने वाचल्यासारखे वाटले.

अक्षर जोडायला ऊर्जा लागते. ती कोण आणते? जोडले जाणारे प्रत्येक अक्षर आपल्यासोबत तीन फॉस्फेटांची साखळी घेऊन येते. जोडणी होताना त्यातले दोन फॉस्फेट सुटतात आणि त्या तुटण्यातून जोडणीचा खर्च भागतो. येणारा पाहुणा आपली शिदोरी स्वतःच घेऊन येतो, असे म्हणा ना. आता धागा उलट्या दिशेने, म्हणजे पाच क्रमांकाच्या टोकाकडून, वाढत आहे अशी कल्पना करा. त्या मांडणीत शिदोरी येणाऱ्या अक्षराची उपयोगी पडत नाही. धाग्याच्या टोकाला आधी बसलेल्या अक्षराची शिदोरी पुढच्या जोडणीसाठी खर्च होते. हेही चालले असते, पण चूक होईपर्यंतच. पॉलिमरेजने चुकीचे अक्षर बसवले आणि ते काढून टाकावे लागले, तर त्या अक्षराबरोबर टोकावरची शिदोरीही निघून जाते. धाग्याचे टोक रिकामे राहते, पुढच्या जोडणीसाठी ऊर्जा उरत नाही आणि वाढ तेथेच थांबते. प्रत्यक्षातल्या दिशेत असे होत नाही. चुकीचे अक्षर काढले तरी तीन क्रमांकाचे टोक पूर्वीसारखेच राहते आणि पुढचे अक्षर आपली शिदोरी घेऊन येते.

म्हणजे पेशीने दुसऱ्या धाग्यावर जो आटापिटा पत्करला आहे, तो चूक खोडता यावी म्हणून आहे. प्रायमर, तुकडे, लायगेज ही सगळी सामग्री त्या एका सोयीची किंमत आहे. ती सोय किती मोलाची आहे, ते आकड्यांतून दिसते. केवळ अक्षर निवडण्यात पॉलिमरेज साधारण एक लाखात एक चूक करते. चूक झाल्यावर धाग्याचे टोक नीट बसत नाही, एन्झाइम अडखळते, ते टोक त्याच्याच दुसऱ्या कप्प्यात सरकते आणि तेथे चुकीचे अक्षर कापले जाते. या तपासणीनंतर चुकीचे प्रमाण सुमारे एक कोटीत एकावर येते. त्यातूनही निसटलेल्या विजोड जोड्या शोधणारी स्वतंत्र यंत्रणा मागून येते. तिच्यावरील कामासाठी पॉल मॉड्रिच यांना 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विजोड जोडीतले कोणते अक्षर मूळचे आणि कोणते चुकीचे, हे ई. कोलाय कसे ओळखतो? जुन्या धाग्यावर ठरावीक ठिकाणी मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा असतात आणि नुकत्याच बनलेल्या धाग्यावर त्या अजून पडलेल्या नसतात. खूण नसलेला धागा नवा, म्हणून दुरुस्ती त्याच्यावर करायची. या सगळ्यानंतर चूक शंभर कोटींत एखादी किंवा त्याहूनही कमी उरते. आपल्या एका पेशीत सुमारे 600 कोटी अक्षरजोड्या असतात आणि त्यांची प्रत काही तासांत निघते. तरी एका विभाजनात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच चुका उरतात, हे मला आजही विलक्षण वाटते.

या दुरुस्तीला वेळेचे बंधन असते, ही गोष्ट वर्गात फारशी सांगितली जात नाही. विजोड जोडी विजोड असते तोवरच ती पकडता येते. पुढची प्रतिकृती होऊन गेली की चुकीच्या अक्षरासमोर त्याचे योग्य जोडीदार अक्षर बसते. आता दोन्ही धागे एकमेकांशी जुळतात आणि यंत्रणेच्या लेखी ती चूक चूक राहत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल आजार अशाच एका अक्षराचा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका ठिकाणी जीएजी ऐवजी जीटीजी आहे (जी म्हणजे ग्वानीन, ए म्हणजे ॲडेनीन, टी म्हणजे थायमीन), म्हणून प्रथिनात ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलीन हे दुसरे अमिनो आम्ल येते. प्रथिनातला हा फरक व्हर्नन इन्ग्राम यांनी 1950 च्या दशकात शोधून काढला. तो बदल हजारो वर्षांपूर्वी झाला आणि दुरुस्तीवाचून टिकला. मलेरियाच्या प्रदेशांत त्याची एक प्रत असणाऱ्यांना संरक्षण मिळाल्यामुळे तो पसरलाही. सातपुड्याच्या पायथ्याशी एखादे मूल आईवडील दोघांकडून हीच प्रत घेऊन जन्मते आणि सांधेदुखीने तळमळते, तेव्हा त्याच्या पेशी काहीही चुकवत नसतात. मिळालेले अक्षर त्या अत्यंत निष्ठेने उतरवत असतात.

त्या मुलीच्या घरी केळीची बाग आहे. वडिलांनी लावलेल्या टिश्यूकल्चर रोपांत एक-दोन झाडे बुटकी आणि वेगळ्या पानांची निघाली होती. तीही प्रतिकृतीची चूक का, असे तिने विचारले. ग्रँड नैन या केळीच्या वाणाची रोपे निवडलेल्या झाडाच्या वाढबिंदूपासून बाटलीत पुनःपुन्हा वाढवून केली जातात आणि या फेऱ्या जितक्या वाढतात, तितकी वेगळी झाडे निघण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. पण त्यामागे केवळ चुकलेले अक्षर नसते. गुणसूत्रांतील मोठे फेरफार असू शकतात, डीएनएवरील मिथाइलच्या खुणा बदललेल्या असू शकतात. सगळा दोष पॉलिमरेजच्या माथी मारणे बरोबर होणार नाही, असे मी तिला सांगितले.

तिने थोडा विचार केला आणि माझ्याच उदाहरणातील उणीव दाखवली. "मॅडम, लाइन पाचोऱ्यालाच संपत असेल, तर पाचोऱ्याचा प्रायमर काढल्यावर ती जागा कोण भरणार? मागून येणारा तुकडाच नाही."

हाच प्रश्न 1971 मध्ये रशियातील ओलोव्हनिकोव्ह यांना आणि 1972 मध्ये वॉटसन यांना स्वतंत्रपणे पडला होता. जिवाणूंचा डीएनए बहुधा वर्तुळाकार असल्याने त्यांना टोकच नसते. आपल्या गुणसूत्रांना मात्र टोके आहेत आणि ती जागा खरोखरच कोरी राहते, म्हणून प्रत्येक प्रतिकृतीत टोक थोडे आखूड होते. टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे पुनःपुन्हा लिहिलेली असतात आणि झीज आधी त्यांचीच होते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांनी 1984 मध्ये टेलोमरेज शोधले. हे एन्झाइम नमुन्याचा आरएनए स्वतःजवळच बाळगते आणि झिजलेले टोक पुन्हा लांबवते. या विषयासाठी दोघींना जॅक शोस्टाक यांच्यासह 2009 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बहुतेक पेशींत टेलोमरेज जवळजवळ बंद असते. वनस्पतींच्या वाढत्या टोकांत ते चालू असते आणि तेथे बहुधा सात अक्षरांची ओळ लिहिली जाते, टीटीटीएजीजीजी. बी न धरणारी केळ मुनव्यातून मुनवा अशी पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहे. जमिनीखालच्या कंदातील वाढबिंदूत प्रत्येक विभाजनागणिक पाचोऱ्याची कोरी जागा पुन्हा भरून निघत असते, म्हणून तिची गुणसूत्रे झिजून संपत नाहीत.