बॉनेटवरचा धुळीचा कण

शनिवार, रात्री

१:२४ मापाची प्लास्टिकची मॉडेल गाडी. खाली गुलाबी प्रायमर, म्हणजे अस्तराचा रंग, वर तामिया कंपनीचा स्प्रे कॅनमधला टीएस-८ इटालियन रेड. शेवटचा हात मारून झाल्यावर दिवा तिरका धरला तेव्हा बॉनेटच्या मधोमध धुळीचा एक कण दिसला, आणि डाव्या मडगार्डच्या खाली बारीकसा ओघळ. बॉडी डब्याखाली झाकून ठेवली आहे. आज याहून जास्त काही करायचं नाही.

ओल्या रंगातला कण चिमट्याने उचलायचा मोह फार होतो. हा रंग लॅकर, म्हणजे थिनर उडून वाळणारा. तो वरून काही मिनिटांतच साय धरतो, पण आतला थिनर अजून बाहेर पडत असतो. चिमटा टेकला की साय सुरकुतते आणि कणाच्या जागी खड्डा होतो. उंचवटा घासून उतरवता येतो. खड्डा मात्र थराथराने भरत बसावं लागतं. म्हणून कण राहू द्यावा.

रंग वाळला की नाही ते बोटाने नाही, नाकाने ओळखावं. बॉडीला नाक लावून हुंगायचं. थिनरचा वास येतोय तोवर पॉलिश पेपरला हात लावू नये. तीन-चार हात बसलेल्या बॉडीला आठवडा तरी द्यावाच. अर्धवट वाळलेला रंग घासला तर कागदाखाली त्याच्या गोळ्या होतात, आणि त्या गोळ्याच नवे ओरखडे पाडतात.

पुढचा रविवार

वास गेला. दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरचा पाच मिलिमीटरचा चौकोन कापून आइस्क्रीमच्या काडीच्या सपाट टोकाला चिकटवला. बोटाने घासायचं नाही, कारण बोट मऊ असतं. ते कणाभोवतीचा रंगही खरवडतं आणि तिथे बशीसारखा खोलगट भाग होतो. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा. बॉनेटच्या कडा आणि मधली उठलेली रेघ मास्किंग टेपने झाकायची. रंग कडेवर सगळ्यात पातळ बसतो. तिथे दोन-चार जास्तीचे हात फिरले की खालचा गुलाबी प्रायमर डोकावतो.

दाब जवळजवळ नाहीच, हात एकाच दिशेने. पाच-सहा फेऱ्यांनंतर पुसून तिरक्या उजेडात बघायचं. जिथे कागद लागला तिथे रंग निस्तेज होतो, जिथे लागला नाही तिथे चकाकी राहते. कणाचा माथा आधी निस्तेज होतो आणि त्याभोवती चमकदार कडं दिसतं. ते कडं आक्रसत जातं. ते नाहीसं झालं त्या क्षणी थांबायचं, एकही फेरी जास्त नाही. दोन हजार नंबरच्या कागदाचा दाणा सुमारे दहा मायक्रॉनचा असतो, आणि बॉडीवरच्या सगळ्या रंगाची जाडीच त्याच्या काही पट, त्यामुळे चुकायला जागा फार थोडी.

ओघळाचंही तसंच, फक्त तो लांबट असल्यामुळे काडी त्याच्या लांबीच्या दिशेने फिरवायची. मग तीन हजारचा कागद, दिशा आधीच्या ओरखड्यांना आडवी. जुने ओरखडे दिसेनासे झाले की तो नंबर संपला.

पुसताना फडक्यावर लाल उतरतं, त्याने घाबरू नये. वर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, थर नसल्यामुळे रंगच निघतोय. गुलाबी दिसायला लागलं तर मात्र थांबावं.

सोमवार

चकाकी परत आणायला तामियाची तीन कंपाउंडं, म्हणजे पॉलिशच्या पेस्ट: लाल टोपणाचं भरड, निळं बारीक, पांढरं फिनिश. प्रत्येकाला वेगळं मऊ कापड, वाटाण्याएवढं कंपाउंड, छोटे गोल. एकाच जागी जोर लावून घासलं तर उष्णतेने रंग मऊ पडतो आणि कापडाचे धागे त्यात उमटतात. थोडं घासावं, गार होऊ द्यावं, पुन्हा घासावं.

प्रायमर उघडा पडला असता किंवा टवका उडाला असता तर काम वेगळं. कॅनमधला रंग स्ट्रॉ लावून झाकण असलेल्या बाटलीत काढायचा आणि झाकण सैल ठेवून त्यातला गॅस पूर्ण निघू द्यायचा. घाई केली तर रंग फेसाळून बाहेर येतो. मग टूथपिकच्या टोकाने एकेक थेंब. थेंब वाळताना आकसतो, म्हणून काही तासांच्या अंतराने थर चढवत, टवक्याची जागा आजूबाजूपेक्षा किंचित वर येईपर्यंत भरायचं. पुन्हा आठवडाभर थांबून वरच्यासारखंच घासायचं. लॅकर खालच्या लॅकरला विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे साध्या लाल रंगात जोड दिसत नाही. मेटॅलिक रंगात ही युक्ती चालत नाही. त्यातले चमकीचे कण थेंबात वेगळे पडतात, घासल्यावर कापले जातात, आणि डाग जास्तच उठून दिसतो. तिथे बॉनेटच्या फटीपर्यंत टेप लावून अख्खं बॉनेट पुन्हा स्प्रे करावं.

टीएस-१३ क्लिअरचा हात पाऊस उघडेपर्यंत लांबवला आहे. हवा दमट असताना लॅकर मारलं की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढुरकी झाक येते. आली तर घासून जात नाही. रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला तर रंग पुन्हा मोकळा होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं.

बॉनेटच्या फटींत पांढरं कंपाउंड अडकलं आहे. जुना मऊ टूथब्रश आणि साबणाचं कोमट पाणी, आणि तेही आजच. सुकलं की ते टाचणीनेच काढावं लागतं, आणि टाचणी रंगाला ओरखडा काढते.