खरकट्याच्या बादलीखालचा काटा

चाकणच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही खरकट्याच्या बादलीखाली इलेक्ट्रॉनिक काटा बसवला होता. 40 किलोचा लोडसेल (वजन ओळखणारा सेन्सर), त्याचा संकेत आकड्यात बदलणारा एचएक्स711 आणि ते आकडे वाचणारा ईएसपी32 हा छोटा संगणक, आणि आज किती अन्न वाया गेलं ते दाखवायला भिंतीवर पडदा. बुधवारी चिकन होतं. सुट्टी अर्ध्यावर येईतो पडदा लालेलाल. ताट रिकामं करणाऱ्या एका कामगाराने विचारलं, "मग हाडंबी खायची का, साहेब?"

प्रश्न बिनतोड होता. हाडं, लिंबाच्या फोडी, केळ्याची सालं, वाटीतलं उरलेलं ताक, काट्याला सगळं सारखंच. म्हणून बादल्या तीन केल्या: पातळ पदार्थांसाठी चाळणीची, हाडं-सालींसाठी वेगळी, आणि काटा फक्त तिसरीखाली.

काट्याचे हट्ट निराळे. लोक ताट बादलीच्या काठावर आपटतात, तेव्हा आकडा क्षणभर भलताच उसळतो. एचएक्स711 सेकंदाला 10 वाचनं देतो. लागोपाठची 10 वाचनं 10 ग्रॅमच्या आत आली की मगच वजन धरायचं. शेजारी गरम पाण्याने भांडी धुतात, त्यामुळे लोडसेल तापून काट्याचं शून्य सरकतं, म्हणजे वजन नसतानाही आकडा दिसतो. यावर आपोआप शून्य करणारी सोय घातली, तर ती हळूहळू पडणारी शितंही गिळते. त्यापेक्षा प्रत्येक ताटाच्या आधीचा आणि नंतरचा फरक मोजून बेरीज करावी. वजन एकदम किलोंनी घटलं तर बादली उचलली असं समजायचं. सर्किट बंद डब्यात हवं, वायर ग्लँडमधून (पाणी आत न येऊ देणाऱ्या बुचातून) खालच्या बाजूने; नाहीतर वाफेने सर्किटची पट्टी गंजते. लोडसेलखाली किंचित फट ठेवून बोल्ट लावावा, म्हणजे जादा भार बोल्टवर टेकतो; कारण कुणीतरी काट्यावर उभं राहतंच.

आकडे नीट आले तेव्हा तिसऱ्या बादलीत सर्वांत जास्त भात दिसला. कारण चवीत नव्हतं. सुट्टी अर्ध्या तासाची. पुन्हा घ्यायचं तर परत त्याच रांगेत उभं राहायचं, म्हणून पहिल्याच खेपेला डोंगर. पडद्याने ओरडून यात काय फरक पडणार? ताट बादलीपाशी येतं तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो.

मग पडदा तिथून काढला. भाताचा 150 ग्रॅमचा डाव बदलून 90 ग्रॅमचा दिला आणि दुसऱ्या वाढपासाठी बिनरांगेचं छोटं टेबल मांडलं. टेबल नसतं तर लहान डावाने फक्त भांडणं वाढली असती. व्यवस्थापनाला ओळखपत्रागणिक कोण किती टाकतो ते हवं होतं. ते आम्ही नाकारलं. नावं लागली की लोक उरलेलं टिश्यूत गुंडाळून भलत्याच बादलीत टाकतात, आणि आकडा खोटा पडतो.

पडदा आता आचाऱ्यापाशी आहे, पदार्थवार. किलोभर तांदळाचा साधारण अडीच-तीन किलो भात होतो, म्हणून तो दुसरं पातेलं पहिलं अर्धं संपल्यावरच चढवतो. तांदूळ मात्र आधीच भिजवून ठेवावे लागतात, नाहीतर शेवटच्या रांगेला भात पुरत नाही.